रिपोर्ट नॉर्मल आणि 'मनाचं आहे' – म्हणजे नक्की कुठलं आहे?

खिडकीतला_पाऊस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेलं वर्षभर मला मधेच छातीत धडधडतं. जिने चढताना वगैरे नाही, बसल्या जागी. आणि रात्री तीन सव्वातीनला जाग येते, कूस बदलून कान उशीवर टेकला की ठोके चक्क ऐकू येतात आणि मग झोपेचं खोबरं. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, थायरॉईड झालं, ते चोवीस तासांचं होल्टर छातीला चिकटवून झोपून झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर चांगले आहेत, घाई करत नाहीत, पण शेवटी म्हणाले "काही नाहीये, मनाचं आहे". आता ही दोन वाक्यं त्यांनी एका श्वासात म्हटली आणि तिथून माझं डोकं फिरलंय. मनाचं आहे म्हणजे काही नाहीये का? धडधडतं तर खरंच की, होल्टरच्या कागदावर पण त्या वेळेला रेट एकशे दहाच्या वर गेलेला दिसतोय.

दुसरीकडे माझे मामा. मामा अध्यात्मातले, रोजची साधना वगैरे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अरे तू म्हणजे हे शरीर नाहीस. देहाला काय होतंय ते होऊ दे, तू नुसता बघत राहा." बसलो बघत. धडधड दुप्पट झाली.

तर प्रश्न असा की विज्ञान म्हणतं मन म्हणजे मेंदूचंच काम, आणि मेंदू तर शरीरातच आहे, मग 'मनाचं' म्हणजे 'शरीराचंच' झालं ना? मग रिपोर्ट नॉर्मल कसा? आणि अध्यात्म म्हणतं मी शरीर नाही, ओके, पण मग मन कुणाच्या पार्टीत? माझ्या का शरीराच्या? दोघांनी मिळून मला मधल्यामधे लटकवलंय असं वाटतंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'पाणी जास्त प्या' असले सल्ले नकोत प्लीज, पिऊन झालंय.

---

सुमार_शंभू

पाणी जास्त प्या.

(सॉरी, राहवलं नाही. धागा चांगला आहे, वाचतोय.)

---

पांढरा_एप्रन

धागाकर्ते, आधी तुमच्या रिपोर्टचं बघू, कारण तिथेच निम्मा गोंधळ आहे.

समजा घरात धुराचा अलार्म लावलाय आणि तो आग नसताना वाजतोय. तुम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने घंटा तपासली, वायर तपासली, म्हणाला सगळं उत्तम. बरोबरच आहे त्याचं, घंटा उत्तमच आहे. ती वाजायला सांगितलं म्हणून वाजतेय. ईसीजी, इको हे सगळं घंटेचं इन्स्पेक्शन आहे. तुमचं हृदय बिघडलेलं नाही, त्याला निरोप चुकीचा जातोय. मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा सिंपथेटिक नर्व्हजमधून, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणाऱ्या नसांमधून, थेट हृदयाला आणि ॲड्रीनल ग्रंथींना कळवते, ॲड्रीनलिन सुटतं, ठोके वाढतात, तळहात घामेजतात, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. यातली एकही गोष्ट काल्पनिक नाही, मोजता येते. तुमच्या होल्टरने मोजलीच की. 'नॉर्मल' याचा अर्थ एवढाच की ठोक्यांचा ताल बरोबर आहे आणि पंप शाबूत आहे. 'तुम्हाला काही होत नाहीये' असा तो अर्थ नव्हे, आणि आमच्यातले बरेच जण हे दोन वाक्यांत नीट सांगायचा कंटाळा करतात हे मी मान्य करते.

आता बघताना धडधड दुप्पट का झाली. कारण तुम्ही बघत नव्हता, पहारा देत होता. 'वाढतंय का, वाढतंय का' म्हणून ठोक्यांवर लक्ष ठेवलं की ते लक्षच धोक्याची खूण ठरतं, मग अजून ॲड्रीनलिन, अजून ठोके. हे चक्र पॅनिकवाल्या पेशंटमध्ये रोज बघते. निरोप फक्त वरून खाली जातात असंही नाही, उलटी वाहतूकच जास्त आहे. व्हेगस नावाची जी मोठी नर्व्ह मेंदूपासून हृदय, फुप्फुसं, आतड्यांपर्यंत जाते तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे अवयवांकडून मेंदूकडे बातम्या नेणारे आहेत. शरीर सतत बातम्या पाठवतंय आणि मेंदू त्यांचा अर्थ लावतोय. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ सालीच म्हणून ठेवलं होतं की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो ते जाणवणं हीच भीती. तंतोतंत तसं नाही हे नंतर कळलं पण त्याने दिशा बरोबर पकडली होती.

आणि एक, मन-शरीर म्हटलं की मला नेहमी आठवणारा प्रयोग. रॉबर्ट ॲडर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी द्यायचं आणि सोबत एक औषध टोचायचं असं केलं. औषधाने मळमळ होते, आणि तेच औषध प्रतिकारशक्तीही दाबतं. पुढे औषध बंद, फक्त गोड पाणी. अपेक्षा अशी की उंदीर पाण्याला नाक मुरडतील. मुरडलंच, पण काही उंदीर चक्क मरायला लागले. मग निकोलस कोहेनबरोबर त्याने नीट तपासलं तर नुसत्या गोड पाण्याने अँटिबॉडी कमी तयार होत होत्या. १९७५ साली हे छापून आलं तेव्हा रोगप्रतिकार यंत्रणा मेंदूला विचारत नाही, आपली आपण चालते अशीच समजूत होती. उंदराला कोणी 'पॉझिटिव्ह विचार कर' म्हणालं नव्हतं, तो फक्त एक चव शिकला होता आणि त्याच्या पांढऱ्या पेशीही ती शिकल्या.

ता.क. वजन उतरत असेल, चक्कर येऊन पडलात, किंवा श्रमाने छातीत दुखलं तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवून परत डॉक्टरकडे.

---

खिडकीतला_पाऊस

@पांढरा_एप्रन 'बघत नव्हता, पहारा देत होता' हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. धन्यवाद ताई.

---

निवांत_वाचक

डॉक्टरबाईंनी पहिला अर्धा भाग सोडवला, दुसऱ्यात मी नाक खुपसतो. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

मन कुणाच्या पार्टीत हा प्रश्न तुम्ही गमतीत विचारलात पण सगळं भांडण तिथेच आहे. आपण सगळे नकळत एक नकाशा डोक्यात घेऊन फिरतो, त्यात एका बाजूला शरीर आणि दुसऱ्या बाजूला मन-आत्मा-चेतना जे काय असेल ते एकाच गाठोड्यात. हा नकाशा आपला नाहीच, हा देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा. १६४१ च्या त्याच्या पुस्तकात त्याने जगाचे दोन तुकडे केले, जागा व्यापणारं ते शरीर आणि विचार करणारं ते मन. लगेच दोन वर्षांत, १६४३ मध्ये, बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्र लिहून विचारलं की अहो, मनाला जर आकार नाही, स्पर्श नाही, तर ते शरीराला हलवतं कसं? ढकलायला काहीतरी टेकवावं लागतं ना. वय वर्षं चोवीस. देकार्तने बरीच टोलवाटोलवी केली, पुढे सगळा भार मेंदूतल्या पिनीअल ग्रंथीवर टाकला, का तर मेंदूतले बाकीचे भाग जोडीजोडीने आहेत आणि ही एकटीच मधोमध. (आज आपल्याला माहितीये की ती मेलाटोनिन बनवते आणि झोपेचं वेळापत्रक बघते. तिला 'तिसरा डोळा' म्हणून फॉरवर्ड येतात ते वाचून मला देकार्तची दया येते.) आजतागायत एलिझाबेथच्या प्रश्नाला त्या नकाशात धड उत्तर मिळालेलं नाही.

आता आपल्याकडचं सांख्य दर्शन बघा. तिथेही दोनच मूळ गोष्टी, प्रकृती आणि पुरुष. पण रेघ कुठे मारलीये ते बघा! बुद्धी, अहंकार, मन, इंद्रियं हे सगळं प्रकृतीच्या बाजूला, म्हणजे दगडमाती ज्या पार्टीत त्याच पार्टीत, फक्त जास्त बारीक, सूक्ष्म. विचार, आठवण, राग, काळजी हे सगळं तिकडे. पुरुषाकडे काय उरलं? फक्त 'जाणीव असणं'. तो काही करत नाही, ठरवत नाही, घाबरत नाही. म्हणजे सांख्याच्या हिशोबाने मन हे जडच आहे. उद्या मेंदूवाल्यांनी सिद्ध केलं की प्रत्येक विचार म्हणजे पेशींमधला विद्युतप्रवाह, तर सांख्यवाला म्हणेल "बरं मग? आम्ही कधी नाही म्हणालो?" देकार्त मात्र गडबडून जाईल.

छांदोग्य उपनिषदात तर याचा चक्क प्रयोग केलाय. उद्दालक आपल्या पोराला, श्वेतकेतूला सांगतो, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी म्हणतो, आता म्हण ऋचा. पोरगा म्हणतो, बाबा, काहीच आठवत नाही. मग जेव म्हणाला. जेवल्यावर सगळं भराभर आठवायला लागलं. निष्कर्ष: अन्नमयं हि सोम्य मनः, मन अन्नाचं बनलेलं आहे. आता याला कोणी कंट्रोल ग्रुप कुठे विचारेल तर विचारा, पण विचाराची दिशा बघा की. आणि ही काही नास्तिकाची कथा नाही, 'तत्त्वमसि' जिथे येतं तोच हा अध्याय.

त्यामुळे तुमचे मामा म्हणाले 'तू शरीर नाहीस', ते अर्धं वाक्य झालं. पूर्ण वाक्य 'तू शरीर नाहीस आणि तू मनही नाहीस' असं आहे. तुम्ही पहिला अर्धा ऐकला आणि उरलेल्या मनात जाऊन बसलात, आणि मन तर आधीच घाबरलेलं. तिथून बघितल्यावर धडधड वाढणारच.

आणि भाषेकडे बघा जरा. आपल्या मराठीला मन आणि शरीर वेगळं काढताच येत नाही. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, घशाला कोरड पडते, काळजाचा ठोका चुकतो, छातीत धस्स होतं, दुसऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं. यातलं एक तरी 'नुसतं मनाचं' आहे का? ज्यांनी हे शब्द घडवले त्यांना ना देकार्त माहीत होता ना व्हेगस नर्व्ह, त्यांनी जिथे जाणवलं तिथे बोट ठेवलं.

---

सुमार_शंभू

चहा तीन वेळा गरम केला पण वसूल. +१

---

दिव्यलहर

सगळे विज्ञान विज्ञान करतात पण क्वांटम फिजिक्सने आता सिद्धच केलंय की चेतनाच विश्व निर्माण करते. निरीक्षक बघतो तेव्हाच कण अस्तित्वात येतो. म्हणजे मन शरीरावर १००% हुकूम चालवू शकतं, फक्त विश्वास पाहिजे. माझ्या माहितीत एकांनी नुसत्या संकल्पाने मोठा आजार घालवलाय. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत.

---

ठोकताळा

आलेच.

दिव्यलहर, क्वांटममधलं 'निरीक्षण' म्हणजे कोणीतरी डोळे उघडून बघणं नव्हे. कण कुठल्याही यंत्राशी, हवेच्या रेणूशी, भिंतीशी गुंतला तरी पुरतं, खोलीत माणूस नसला तरी काही अडत नाही. तेव्हा ते सोडा.

हुकुमाचं बोलू. मन शरीरावर कुठपर्यंत चालतं याची रेघ दाखवणारा एक सुंदर अभ्यास आहे, २०११ चा, दम्याच्या पेशंटवर. चार गोष्टी आलटून पालटून दिल्या: खरं औषध असलेला इनहेलर, बिनऔषधाचा इनहेलर, खोटं ॲक्युपंक्चर, आणि काहीच नाही. मग प्रत्येकाला विचारलं, किती बरं वाटतंय? खरा इनहेलर साधारण ५० टक्के सुधारणा, खोटा ४५, खोटं ॲक्युपंक्चर ४६, काहीच नाही तर २१. म्हणजे पेशंटला खरं-खोटं जवळपास सारखंच वाटलं. आता मशीनवर फुंकर मारायला लावून मोजलं. खऱ्या औषधाने फुंकरेची ताकद २० टक्के वाढली. बाकी तिघांत? सात टक्क्यांच्या आसपास, तिघांत सारखीच. दम लागल्याची *जाणीव* बदलली, श्वासनलिका जिथल्या तिथे. आता विचार करा, 'मला बरं वाटतंय' म्हणून ज्याने इनहेलर बाजूला ठेवला त्याचं काय होणार. म्हणून 'फक्त विश्वास पाहिजे' या वाक्याची मला चीड येते, आणि पुढे आजार नाही गेला तर दोष पुन्हा पेशंटच्या विश्वासाचा. वा.

पण प्लासीबो, म्हणजे असं खोटं औषध देऊन होणारा परिणाम, ही थापही नाही, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही मला हाणाल. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर बघितलं. खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं त्यांना नॅलोक्सोन दिलं, हे औषध मॉर्फिनसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवतं. दुखणं परत वाढलं. म्हणजे नुसत्या अपेक्षेने मेंदूने स्वतःचं मॉर्फिन सोडलं होतं, खरंखुरं रसायन. वेदना, मळमळ, थकवा, घबराट या भागात मनाचा हुकूम चालतो कारण हे सगळं मेंदूच्याच कारखान्यात तयार होतं. गाठ, फ्रॅक्चर, इन्फेक्शन इथे तो चालवून बघू नका.

निवांत_वाचक, तुमचं सांख्य आवडलं, पण एलिझाबेथ तिथेही दार वाजवतेच. पुरुष काहीच करत नाही म्हणता, मग प्रकृती त्याच्यासाठी हलते कशी? त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे आंधळा आणि पांगळा, पांगळ्याने वाट दाखवायची आणि आंधळ्याने खांद्यावर घेऊन चालायचं. गोड आहे, पण वाट दाखवायला पांगळ्याला *बोलावं* लागतं ना? बोलणं ही क्रियाच झाली. रेघ सरकवली म्हणून प्रश्न सुटला नाही, फक्त पुढच्या स्टेशनवर गेला.

आणि भूल. प्रोपोफॉल शिरेत गेलं की मिनिटभराच्या आत तुमचा साक्षी, म्हणजे तो नुसता जाणणारा पुरुष, कुठे जातो ते सांगा.

---

निवांत_वाचक

@ठोकताळा पांगळ्याचा मुद्दा मान्य, शंकराचार्यांनीही सांख्यांना तिथेच पकडलंय, तेव्हा तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

भुलेबद्दल. वेदांती म्हणेल की गाढ झोपेतून उठल्यावर आपण म्हणतो "मस्त झोप लागली, काही कळलं नाही", म्हणजे 'काही कळलं नाही' हे कोणालातरी कळत होतं, तो साक्षी. मला स्वतःला हे पटत नाही. आणि गंमत म्हणजे नैयायिकांनाही, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनाही, पटलं नव्हतं. ते म्हणाले, ही आठवण नव्हे, हा उठल्यानंतरचा अंदाज आहे, ताजंतवानं वाटतंय त्यावरून लावलेला. न्यायदर्शनात आत्मा आहे, पण जाणीव हा त्याचा कायमचा स्वभाव नाही, मनाशी संयोग झाला तरच ती उपजते, गाढ झोपेत आत्मा असतो आणि जाणीव नसते. तुमचा भुलेवाला आक्षेप त्यांना बिलकुल टोचत नाही. हे लोक मनाचा पुरावा काय देतात माहितीये? एकाच क्षणी दोन ज्ञानं होत नाहीत, हाच. डोळे उघडे, कान उघडे, पण लक्ष एका वेळी एकीकडेच, म्हणजे मधे अणूएवढं काहीतरी आहे जे एका वेळी एकाच इंद्रियाला जोडलं जातं, ते मन. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकाला हे सूत्र पाठ करायला लावलं पाहिजे.

सांगायचा मुद्दा, 'अध्यात्म काय म्हणतं' असं एकवचनात विचारूच नका. चार्वाक म्हणतात जडद्रव्यं एकत्र आली की जाणीव उपजते, जशी आंबवल्यावर नशा उपजते. बौद्ध म्हणतात आत्माच नाही, नाम आणि रूप, म्हणजे मन आणि शरीर, एकमेकांना टेकून उभे आहेत. चरकाने मन, आत्मा आणि शरीर यांना तिकाटण्यासारखं म्हटलंय, एक काठी काढली की बाकी दोन कोसळतात. घरातल्या घरात एवढी भांडणं आहेत.

---

ठोकताळा

नैयायिक माझे मित्र निघाले हे आज कळलं. वाचायला पाहिजेत.

एक गोष्ट मीही प्रामाणिकपणे कबूल करतो. मेंदूत *कुठे* काय होतं हे आपल्याला बरंच कळतंय, पण त्या विद्युतप्रवाहामुळे आतून काहीतरी *वाटतं* ते कशामुळे, हे कोणालाही नीट सांगता आलेलं नाही. डेव्हिड चाल्मर्स हा तत्त्वज्ञ याला 'हार्ड प्रॉब्लेम' म्हणतो. १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने त्याच्याशी पैज लावली की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली नेमकी खूण सापडेल. २०२३ मध्ये कॉखने हार मानून वाईनच्या बाटल्या दिल्या. आणि लगेच पुढच्या पंचवीस वर्षांची पैज लावायला तयार, हे मला आवडलं. पण 'अजून माहीत नाही' या भोकातून कोणी आत्मा घुसवू नये एवढीच विनंती.

---

कासवगती

मी तुमच्याएवढी वाचलेली नाही, पण अकरा वर्षं ध्यानाला बसते म्हणून लिहिते. धागाकर्त्याला बहुतेक काहीतरी करायला हवंय, नुसतं समजून घ्यायला नकोय.

दादा, मामांनी तुम्हाला शेवटची पायरी पहिल्यांदा सांगितली. 'नुसता बघ' हे फार अवघड काम आहे, ते सुरुवातीला जमत नाही, माझंही दोन वर्षं जमलं नाही, मला वाटायचं मी बघतेय आणि प्रत्यक्षात मी दात आवळून बसलेली असायची. पतंजलींनी चित्त विखुरलेलं असताना काय काय सोबत येतं त्याची यादी दिलीये, दुःख, मनाची खिन्नता, अंगाला कंप आणि श्वास-प्रश्वास. बघा, चारातल्या दोन सरळ सरळ शरीराच्या आहेत, म्हणजे मन ठीक नाही हे ओळखायचं कशावरून तर अंग आणि श्वास यांच्यावरून. हठयोगवाले तर म्हणतातच, वारा (म्हणजे श्वास) हलला की चित्त हललं, वारा थांबला की चित्त थांबलं. त्यामुळे मनाला मनाने पकडायला जाऊ नका, ते निसटतं. श्वास हा एकच असा आहे की जो आपोआपही चालतो आणि आपण हातातही घेऊ शकतो, हृदयाला तसं सांगता येत नाही की बाबा हळू चाल.

मी काय करते, श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवते, मोजत नाही फार, फक्त सोडणं लांब. रात्री जाग आली की डावी कूस सोडते (तुम्ही उशीवर कान टेकता ना, तो आवाजच बंद होतो उताणं झोपलं की), आणि तळपायांकडे लक्ष नेते, छातीकडे नाही. दहा मिनिटांत झोप लागतेच असं नाही पण भीती उतरते.

---

पांढरा_एप्रन

@कासवगती अगदी बरोबर. श्वास घेताना ठोके थोडे जलद होतात, सोडताना हळू होतात, हे निरोगी माणसात असतंच, ईसीजीवर दिसतं. सोडण्याच्या वेळी व्हेगसचा ब्रेक जास्त लागतो. तेव्हा उच्छ्वास लांबवणं म्हणजे ब्रेकवर पाय जरा जास्त वेळ ठेवणं.

आणि हृदयाला सांगता येत नाही याचा एक जुना किस्सा. १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि आनंद यांनी 'आम्ही हृदय थांबवतो' म्हणणाऱ्या योग्यांना ईसीजी लावून तपासलं. मनगटावर नाडी लागेनाशी व्हायची, स्टेथोस्कोपमध्ये आवाज विरायचा, बघणारे अवाक. पण ईसीजीवर हृदय व्यवस्थित चालू! श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू इतके आवळायचे की हृदयाकडे परतणारं रक्तच कमी व्हायचं, मग नाडी कुठून लागणार. गंमत ही की त्याच वर्षी आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानातल्या योग्यांचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरींचा आलेख, छापला, त्यातल्या दोघांनी चार डिग्रीच्या गार पाण्यात पाऊण तासाच्या वर हात बुडवून ठेवला आणि मेंदूतल्या अल्फा लहरी ढळल्या नाहीत. म्हणजे एक दावा पडला आणि एक चकित करणारी गोष्ट टिकली, एकाच वर्षी, आणि तपासणाऱ्यांत आनंद हे नाव दोन्हीकडे. मला असं काम करणारी माणसं आवडतात.

---

दिव्यलहर

तुम्ही सगळे शब्दांत अडकलात. अनुभव घ्या.

---

सुमार_शंभू

अनुभव घेतलाय, प्रोपोफॉलचा, अपेंडिक्सच्या वेळी. दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले होते, सातपर्यंतचं आठवतं. साक्षीबिक्षी कोणी नव्हता, असेल तर तो पण झोपला होता.

---

खिडकीतला_पाऊस

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, तीन वेळा वाचलं. उद्दालकाचा पंधरा दिवसांचा उपास मामांना वाचून दाखवला. मामा म्हणाले, हे मला माहीत होतं, मी तुला सोपं करून सांगितलं. मी म्हटलं मामा सोपं करताना अर्धं सांडलं. हसले. मग म्हणाले, सुरुवातीची काही वर्षं त्यांनाही भीती वाटायची रात्रीची, हे त्यांनी आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

काल रात्री परत तीन दहाला जाग आली. उताणा झालो, तळपायांकडे लक्ष नेलं, श्वास लांब सोडला. धडधड गेली नाही. पण घंटा वाजतेय, आग नाहीये, असं एकदा मनात आलं आणि मी उठून लाईट लावून नाडी मोजली नाही, जी मी वर्षभर रोज मोजत होतो.

@ठोकताळा एक शंका आहे. ते दम्याचे पेशंट, ज्यांना खोट्या इनहेलरने बरं वाटलं, त्यांना खरंच बरं *वाटलं* ना? मग माझ्यासारख्याचं काय, ज्याच्या मशीनवरचा आकडा आधीच बरा आहे आणि फक्त वाटणंच बिघडलंय? तिथे वाटणं बदललं म्हणजे आजार बदलला असं म्हणता येईल का?

---

ठोकताळा

म्हणता येईल. तुझ्या केसमध्ये तरी येईल. दम्यात वाटणं आणि नळी या दोन गोष्टी वेगळ्या मोजता येतात आणि नळी जीव घेऊ शकते. तुझ्याकडे नळी शाबूत आहे, जे काय आहे ते वाटण्याच्याच चक्रात आहे, त्यामुळे तिथे हात घालणं म्हणजे मुळालाच हात घालणं. एवढं लिहून मी दोन मिनिटं थांबलो कारण हे वाक्य दिव्यलहर यांना आवडेल अशी भीती वाटली.

नाडी मोजली नाहीस हे मस्त केलंस. आज पण मोजू नकोस.